रंगाचे बिनरंगी साक्षीदार

चीनच्या वायव्येला, वाळवंटाच्या काठावर तुनहुआंग हे गाव आहे. तिथल्या मोकाओ लेण्यांमधली, आज १७ क्रमांकाने ओळखली जाणारी एक लहानशी खोली अकराव्या शतकाच्या आरंभी भिंत घालून बुजवली गेली. १९०० साली ती वांग युआनलू या ताओपंथी साधूच्या हाती लागली. पोथ्यांच्या गठ्ठ्यांबरोबर तिथे रेशमी पताका, पोथ्यांची वेष्टने आणि ठिगळे जोडून शिवलेली वस्त्रेही निघाली. ऑरेल स्टाइन १९०७ मध्ये आणि पॉल पेल्यो १९०८ मध्ये तिथे पोचले, आणि ठेव्याची वाटणी होत गेली. स्टाइनच्या मोहिमेचा खर्च ब्रिटिश म्युझियम आणि तेव्हाचे हिंदुस्थान सरकार यांनी मिळून उचलला होता, म्हणून लंडन आणि पॅरिसप्रमाणे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही या खोलीतला वाटा आहे. अंधार आणि कोरडी हवा यांनी ही कापडे जपली. हजार वर्षांनंतरही त्यांच्यात लाल, पिवळे, हिरवे, निळे वेगवेगळे दिसते. पाहणाऱ्याचे मन लगेच नावे देऊ लागते: लाल आहे म्हणजे मंजिष्ठा असणार, पिवळे आहे म्हणजे हळद असणार. मला या प्रकरणात नेमके याच्या उलट सांगायचे आहे. जुन्या रेशमावरचा रंग कोणत्या झाडाचा, हे ठरवताना खुद्द रंग हा सर्वांत कच्चा पुरावा असतो. वनस्पतीची ओळख पटते ती मुख्य रंगद्रव्याच्या सोबतीने धाग्यात शिरलेल्या, प्रमाणाने अगदी कमी आणि पुष्कळदा बिनरंगी अशा घटकांवरून. मुख्य रंग उडून गेला तरी ते घटक टिकलेले असू शकतात, आणि जिथे असे सोबती मिळत नाहीत तिथे कितीही महागडे यंत्र आणले तरी झाडाचे नाव सांगता येत नाही.

रंग कच्चा पुरावा का, याची कारणे रंगाऱ्याच्या कामातच आहेत. एकच रंग अनेक झाडांतून निघतो आणि एकाच झाडातून अनेक रंग निघतात. मंजिष्ठेच्या मुळांच्या काढ्यात तुरटी लावलेले रेशीम बुडवले तर लाल येते. तुरटीऐवजी लोहाचा क्षार वापरला तर तेच तपकिरी-जांभळ्याकडे झुकते. शिवाय बरेचसे रंग एका बुडवणीत होत नसत. मिंग काळाच्या अखेरीस, १६३७ मध्ये, सोंग यिंगशिंग याने ‘थ्येनकुंग खायवू’ हा उद्योगांवरचा ग्रंथ छापला. त्यात रंगांच्या कृतींचे एक छोटे प्रकरण आहे. त्यातला एक हिरवा सोफोरा झाडाच्या कळ्यांच्या पिवळ्यावर निळीचा हात देऊन होतो, तर दुसरा हुआंगपो झाडाच्या सालीच्या पिवळ्यावर. दोन्ही हिरवेच, पण पिवळ्याचे झाड वेगळे. पिवळी रंगद्रव्ये उजेडात लवकर मरतात आणि नीळ चिवट असते, त्यामुळे शतकानंतर कापडावरचे हिरवे पान निळे दिसू लागते. चित्रकाराने निळी पाने काढली होती असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो कापडाच्या आजच्या रूपावर विसंबल्याचा परिणाम असतो. आणि प्रत्येक लाल वनस्पतीचाच असतो असेही नाही. छांगशा शहराजवळच्या मावांगत्वेई इथे १९७२ मध्ये उघडलेल्या, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या थडग्यात हिंगुळाने, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाने, लाल केलेले रेशीमही सापडले. तिथे वनस्पती शोधत बसणे व्यर्थ.

आता एक धागा जवळून पाहू. तुनहुआंगच्या काळातला हिरवा रेशमी धागा, शिवणीच्या आतल्या बाजूला सुटलेला, दोन-तीन मिलिमीटर लांब. वजन मिलिग्रॅमच्याही आत. तो छोट्या कुपीत टाकून सौम्य आम्ल आणि मिथेनॉल यांत गरम करतात. रंगद्रव्य आणि रेशीम यांच्यामध्ये तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा दुवा असेल, तर तो या आम्लाने सुटतो आणि रंगद्रव्य द्रावात उतरते. निळीला असा दुवा नसतो. ती वेगळ्या द्रावकाने सोडवावी लागते. हा द्राव बारीक भुकटी ठासून भरलेल्या नळीतून मोठ्या दाबाने सोडला की त्यातले घटक आपापल्या गतीने एकामागून एक बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाने प्रकाशाच्या कोणत्या तरंगलांबी शोषल्या हे एक यंत्र टिपते आणि त्याचे वस्तुमान दुसरे यंत्र मोजते. निळीचा रेणू इंडिगोटिन, वस्तुमान २६२. पिवळ्या भागात ३३६ वस्तुमानाचे बर्बेरिन दिसले, की इथपर्यंतचे काम झाले असे वाटते. पण बर्बेरिन हुआंगपोच्या सालीत असते, कॉप्टिसच्या मुळांत असते, आणि आपल्या आयुर्वेदातल्या दारुहळदीतही असते. म्हणून नजर बर्बेरिनवरून काढून त्याच्या शेजाऱ्यांकडे न्यावी लागते. ३५२ वस्तुमानाचे पामेटिन आणि ३३८ चे जॅट्रोऱ्हायझिन सोबत आहेत, पण ३२० चे कॉप्टिसिन अजिबात नाही, असे चित्र निघाले तर कॉप्टिस मागे पडते आणि हुआंगपोची बाजू भक्कम होते. एका पिवळ्या रेणूने जे सांगितले नाही ते त्याच्या किरकोळ भावंडांनी सांगितले. या सालीचा कागदाशीही जुना संबंध आहे. सहाव्या शतकातल्या जिया सिशिए याच्या ‘छीमिन याओशू’ या शेतीग्रंथात कागद हुआंगपोने पिवळा करण्याची कृती दिली आहे. कीड लागू नये हा त्यामागचा हेतू. तुनहुआंगच्या अनेक पोथ्यांचा पिवळेपणा याच सालीचा.

या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार करडईचा. सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी जी करडई पेरतात, तीच ही वनस्पती. चीनमध्ये तिच्या पाकळ्यांवर राजवस्त्रांचा लाल उभा राहिला. पाकळ्यांत पिवळी द्रव्ये भरपूर आणि लाल कार्थामिन थोडे. पिवळी पाण्यात विरघळतात, म्हणून पाकळ्या कुटून वारंवार धुऊन ती काढून टाकायची. उरलेल्या चोथ्यातले कार्थामिन साध्या पाण्याला दाद देत नाही. ते राखेच्या अल्कधर्मी पाण्यात सुटते, आणि त्या पाण्यात आंबट काही घातले की रेशमावर जाऊन बसते. तुरटी लागत नाही. सोंग यिंगशिंगच्या कृतीत आंबटपणासाठी धुरावलेले आंबट आलुबुखार आहे. पाकळ्या पहाटे, दव असतानाच खुडायच्या असेही तो बजावतो. ऊन चढले की फूल मिटते. काटेरी करडई कापायला भल्या पहाटे, काटे नरम असताना शेतात जाणाऱ्याला ही घाई वेगळी समजावून सांगायला नको. याच ग्रंथात एक विलक्षण गोष्ट आहे. करडईने रंगवलेले जुने रेशीम भिजवून त्यावर राखेचे पाणी सोडले तर लाल पुन्हा निथळून येतो. तो मुगाच्या पिठात मुरवून ठेवायचा आणि दुसऱ्या कापडाला वापरायचा. जो लाल राखेच्या पाण्याने इतक्या सहज निघून येतो तो किती तकलादू, हे यावरून कळते. उजेडातही तो लवकर जातो. लाल म्हणून विणलेले वस्त्र फिकट गुलाबी, मग मातकट पिवळे होते, आणि कार्थामिन शोधायला गेले तर यंत्राच्या आलेखावर काहीच उमटत नाही. इतक्यावर थांबणारा अभ्यासक ‘करडई नाही’ असे लिहून मोकळा होईल. पण यान वाउटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की करडईच्या लालाबरोबर काही बिनरंगी घटक रेशमावर चढतात आणि कार्थामिन नष्ट झाल्यावरही ते जागेवर असतात. डोळ्यांना त्यांचा काही उपयोग नाही, रंगाऱ्याला तर ते आहेत हेही ठाऊक नव्हते. तरी मातकट दिसणाऱ्या धाग्यावर कधीकाळी सर्वांत महाग लाल होता, ही साक्ष तेच देतात.

पतंगाच्या लाकडाची गोष्टही याच वळणाची आहे. पतंगाचे झाड दक्षिण आणि आग्नेय आशियातले. त्याचे लाकूड समुद्रमार्गे चीनमध्ये जाई आणि तुरटीवर स्वस्तात लाल देई, लोहाच्या क्षारावर जांभळा. लाल देणारे द्रव्य ब्राझिलाइन, तेही उजेडात लवकर झिजते. जुन्या धाग्यांच्या आलेखांवर अभ्यासकांना कित्येक वर्षे एक छोटे शिखर दिसत होते. ते पतंग आणि त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांच्या लाकडाने रंगवलेल्या कापडांतच दिसे, पण तो रेणू कोणता हे कळले नव्हते. नाव नसलेल्या या शिखराच्या भरवशावर कितीतरी कापडांचे निदान झाले, आणि ते बरोबर होते. अखेर २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने तो युरोलिथिन-सी असल्याचे प्रसिद्ध केले. डाळिंबासारखी फळे खाल्ल्यावर आपल्या आतड्यातले जिवाणू जी युरोलिथिने बनवतात त्यांतलेच हे एक, हा योगायोग मला फार आवडतो. पण याचीही सीमा आहे. आशियातला पतंग आणि ब्राझीलचे लाल लाकूड यांत हा रेणू फरक करत नाही. तिथे भूगोल मदतीला येतो: तुनहुआंगची खोली अमेरिकेचे लाकूड समुद्रापार येण्याच्या कितीतरी आधी बंद झाली, तेव्हा तिथल्या धाग्यापुरता प्रश्नच उरत नाही. सतराव्या शतकानंतरच्या कापडाबाबत मात्र तो उरतो.

पिवळ्यांच्या बाबतीत खुद्द प्रयोगशाळेनेच बराच काळ पुरावा नष्ट केला, आणि याची चर्चा झाली पाहिजे. १९८५ पासून रूढ झालेली पद्धत अशी की धागा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात १०० अंशांवर दहा मिनिटे ठेवायचा. रंग हमखास सुटतो. पण वनस्पतींतली पिवळी द्रव्ये बहुधा साखरेच्या रेणूला जोडलेली असतात आणि या आम्लात तो जोड तुटतो. सोफोराच्या कळ्यांत रुटिन असते. साखर तुटली की त्याचे क्वेर्सेटिन होते. क्वेर्सेटिन कांद्याच्या सालींतूनही मिळते आणि आणखी कितीतरी झाडांतून. म्हणजे धाग्यावर नेमकी ओळख होती, ती कुपीत पुसली गेली आणि आलेखावर उरला तो कोणालाही लागू पडेल असा रेणू. बोस्टन विद्यापीठातल्या श्यान झांग आणि रिचर्ड लॉर्सन यांनी २००५ मध्ये सौम्य पद्धती सुचवल्या: ॲल्युमिनियमला पकडून ठेवणारा ईडीटीए किंवा फॉर्मिक आम्ल. या पद्धतीत साखरेची जोडणी शाबूत राहते आणि सोफोरा सोफोरा म्हणून ओळखता येतो. चिनी कापडांना याचा फायदा विशेष झाला, कारण चिनी पिवळ्यांची विविधताच मोठी: सोफोरा, हुआंगपो, हळद, फिसेटिन देणारे ह्वांगलूचे लाकूड, ल्युटिओलिन देणारे जिनचाओ गवत, आणि अनंताची फळे. हा अनंत म्हणजे आपल्या अंगणात सुवास देणारा अनंतच, फक्त आपण लावतो तो भरगच्च पाकळ्यांचा प्रकार सहसा फळ धरत नाही. फळांतले पिवळे क्रोसिन केशरातही असते. त्यामुळे क्रोसिन सापडले म्हणून केशर म्हणणे धाडसाचे. अनंताच्या फळांत जेनिपोसाइड नावाचा बिनरंगी घटक असतो, केशरात नसतो, आणि शोध घ्यायचा तो त्याचा.

यावर पहिला आक्षेप इतिहासकारांकडून येतो. चीनला लिखित परंपरा एवढी मोठी असताना धागे कापायचे कशाला? रंगांच्या कृती ग्रंथांत आहेत, किमतींचे उल्लेख आहेत. स-मा छ्येनच्या ‘शिजी’ या इतिहासग्रंथात तर अनंत आणि मंजिष्ठेची मोठी लागवड असणाऱ्याची मिळकत सरदाराच्या तोडीची सांगितली आहे. या साधनांचे मोल मी कमी लेखत नाही. करडईचा राखेच्या पाण्याचा तपशील ग्रंथातूनच आला आणि त्यामुळेच तिचे रसायन समजायला मदत झाली. पण ग्रंथ सांगतो ते काय करतात किंवा करावे हे. समोरच्या धाग्याचे काय केले, हे त्यात नसते. करडई महाग आणि पतंग स्वस्त, दोन्ही लालच. कोणत्या विणकराने कोणता वापरला, किंवा करडईचा लाल थोडका वापरता यावा म्हणून त्याखाली पिवळ्याचा हात दिला का, हे ग्रंथ कसे सांगणार? त्यातच ग्रंथांतल्या वनस्पतींच्या नावांचा गोंधळ असतो; एकाच नावाखाली प्रांतागणिक निरनिराळी झाडे विकली गेली आहेत. ग्रंथ आपल्याला शक्यतांची यादी देतो. त्या यादीतली कोणती शक्यता प्रत्यक्षात उतरली हे धागाच सांगतो.

दुसरा आक्षेप जतन करणाऱ्यांचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. हजार वर्षे टिकलेल्या वस्तूचा कण जरी काढला तरी तो परत येत नाही. कापडाला हात न लावता त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचे मापन करण्याची साधने आज हाताशी आहेत. निळीचे शोषण सुमारे ६६० नॅनोमीटरला स्पष्ट दिसते, आणि अतिनील दिव्याखाली बर्बेरिन पिवळे चमकते. मग एवढ्यावर भागवता येणार नाही का? निळीपुरते आणि बर्बेरिन आहे की नाही एवढ्यापुरते भागते, आणि तिथे धागा कापणे अन्यायच आहे. पण परतणारा प्रकाश सगळ्या घटकांची एकत्रित बेरीज दाखवतो, आणि बिनरंगी घटकाचा त्या बेरजेत वाटाच नसतो. हुआंगपो की कॉप्टिस, करडईचा उडालेला लाल की मुळातच मातकट धागा, यांची उत्तरे त्यातून निघत नाहीत. म्हणून योग्य क्रम असा की आधी संपूर्ण कापड प्रकाशाने तपासायचे, सारखे वाटणारे भाग एकत्र करायचे, आणि जिथे खरोखर प्रश्न उरतो अशाच थोड्या जागांवरून, सुटलेल्या टोकांतून नमुना घ्यायचा. मोजकेच नमुने घ्यायचे असल्यामुळे प्रत्येक नमुन्यातून शक्य तेवढी माहिती निघाली पाहिजे. नेमका तोच कण तीव्र आम्लात टाकून निम्मा पुरावा घालवणे, हे मला कापण्यापेक्षाही मोठे नुकसान वाटते.

तिसरा आक्षेप रसायनशास्त्रातूनच येतो: जे घटक प्रमाणाने इतके कमी, त्यांच्यावर एवढी भिस्त ठेवायची? शेजारच्या कापडाचा रंग उतरून आला असेल, पूर्वीच्या दुरुस्तीत वापरलेल्या धाग्याचा असेल, किंवा शेकडो वर्षांत एका रेणूचा दुसराच झाला असेल. शंका रास्त आहे. तिला उत्तर एकाच गोष्टीने देता येते, ते म्हणजे तुलनेसाठी खात्रीचे नमुने. ज्या झाडाचे नाव वनस्पतिशास्त्रज्ञाने पक्के केले आहे, त्याने जुन्या कृतीप्रमाणे नवे रेशीम रंगवायचे, त्याला भरपूर उजेड देऊन मुद्दाम म्हातारे करायचे, आणि आलेखाची जुन्या धाग्याशी तुलना करायची. लॉस एंजेलिसच्या गेटी संवर्धन संस्थेने आशियाई वनस्पतिरंगांसाठी असा प्रकल्प हाती घेतला होता, आणि हांगचौ इथल्या चीनच्या राष्ट्रीय रेशीम संग्रहालयातही रंगांच्या विश्लेषणाचे काम चालते. युरोलिथिन-सीचे उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडते: तो ‘म्हातारपणाचा’ घटक असला तरी ठरावीक लाकडांच्या म्हातारपणाचा आहे, म्हणूनच तो खूण ठरतो. मात्र एकटा दुय्यम घटक पुरेसा मानू नये. दोन-तीन सोबती एकत्र, योग्य प्रमाणात आणि कापडाच्या एकाहून अधिक जागी आढळले, तरच नाव लिहावे.

आणि जिथे सोबतीच नाहीत, तिथे? नीळ हे त्याचे ठळक उदाहरण. चीनमध्ये निळा किमान चार वनस्पतींतून निघे: पॉलिगोनम कुळातली नीळ, चिनी वोड, स्ट्रोबिलँथस, आणि आपल्याकडची इंडिगोफेरा. चौघींच्या पानांतून शेवटी इंडिगोटिनच मिळते. पाने कुजवून, चुना घालून, रांजणात आंबवून रंग काढण्याच्या प्रक्रियेत झाडाचे इतर घटक बहुतेक मागेच राहतात, आणि सोबत येणाऱ्या इंडिरुबिनचे प्रमाण झाडापेक्षा रांजणाच्या मिजाशीवर अधिक ठरते. म्हणून चिनी रेशमाच्या अहवालात ‘इंडिगो देणारी वनस्पती’ एवढेच लिहिलेले दिसते तेव्हा तो अपुरेपणा मानू नये. तेवढेच खरे आहे. बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर तर रांजणातली आणि कारखान्यातली नीळ यांचा मुख्य रेणूही एकच झाला.

इतर कृत्रिम रंगांची गोष्ट उलट आहे, आणि चिंग राजवटीच्या अखेरच्या कापडांना तिचा मोठा उपयोग होतो. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये मोव्ह जांभळा केला, १८६१ मध्ये मेथिल व्हायोलेट आले, १८६८ मध्ये मंजिष्ठा कुळातले अलिझरिन प्रयोगशाळेत बनले. एखाद्या झग्याच्या मूळ विणीत मेथिल व्हायोलेट सापडले तर तो झगा १८६१ नंतरचा, मग घराण्याची आख्यायिका काहीही सांगो. अलिझरिनबाबत पुन्हा सोबती विचारावे लागतात: चीनची स्थानिक मंजिष्ठा पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन यांनी भरलेली आणि अलिझरिनला गरीब; पश्चिमेकडची तिची बहीण अलिझरिनने श्रीमंत, पण पर्प्युरिनही बाळगणारी. एकटेच शुद्ध अलिझरिन दिसले तर संशय कारखान्यावर जातो. या नावांवर प्रदर्शनातला उजेडही ठरतो. रेशमासाठी संग्रहालये सर्वसाधारणपणे ५० लक्सची मर्यादा पाळतात, परंतु निळीला जेवढा उजेड चालतो तेवढा करडईच्या लालाला, हळदीच्या किंवा हुआंगपोच्या पिवळ्याला चालत नाही. कापडावर यांतले काय आहे हे कळले, तर ते किती महिने बाहेर ठेवायचे आणि किती वर्षे पेटीत, हे त्या कापडापुरते ठरवता येते. करडईचे बिनरंगी घटक सापडलेला, आज मातकट दिसणारा धागा अल्कधर्मी साबणाने धुवायचा नाही, हेही तेव्हाच कळते; सोंग यिंगशिंगच्या रंगाऱ्याने राखेच्या पाण्याने जे हेतुपुरस्सर केले, तेच नाहीतर धुण्याच्या टाकीत नकळत होईल आणि उरलासुरला लाल पाण्याबरोबर जाईल.